अनुदान शेतकऱ्याला की एकरांना?

अमेरिकेतील शेती अनुदानाचा जन्म महामंदीत झाला. भाव कोसळून शेतकरी देशोधडीला लागत असताना १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने पेरा कमी करणाऱ्यांना पैसे देण्याचा कायदा केला. हे पैसे प्रामुख्याने जमीनमालकांच्या हाती पडले. दक्षिणेकडील कापूसपट्ट्यात शेते पडीक राहिली आणि तेथे वाट्याने राबणारी अनेक कुळे बेघर झाली.

पुढे कायदे बदलले, सूत्र मात्र कायम राहिले. मदत एकर आणि उत्पादनाच्या हिशेबाने मिळत असल्याने ज्याची जमीन मोठी, त्याच्या पदरात रक्कमही मोठी पडते. मका, सोयाबीन, गहू, कापूस व तांदूळ यांना झुकते माप मिळते. फळे-भाजीपाला पिकविणारे बहुतांशी बाहेर राहतात. पशुपालकांना दुष्काळात चाऱ्यापोटी मिळणारी मदतही जनावरे व कुरणे मोजूनच ठरते.

२०१४ च्या कायद्याने सरसकट थेट रक्कम बंद केली. भर भाव पडल्यास मिळणाऱ्या भरपाईवर आणि पीकविम्यावर आला. भरपाईला व्यक्तीमागे कमाल मर्यादा आहे, विमाहप्त्यातील सरकारी वाट्याला ती नाही. त्यामुळे गांजलेल्या शेतकऱ्याच्या नावाने सुरू झालेल्या योजनांचा मोठा लाभ आजही बड्या शेतीलाच होतो.