गल्लीतली टक्कर

जमिनीवर दोन लांबट गाद्या समांतर टाकायच्या. मधल्या चिंचोळ्या गल्लीत दोन गडी समोरासमोर, हात जमिनीला टेकवून. एकाच्या पाठीशी चेंडू घेतलेला तिसरा. शिट्टी वाजली की हेल्मेटवर हेल्मेट आदळतं आणि भोवती कोंडाळं केलेले सहकारी आरोळ्या ठोकतात. हे 'ओक्लाहोमा ड्रिल'. अमेरिकी फुटबॉलमधल्या (आपल्या फुटबॉलशी त्याचं नातं नावापुरतंच) या सरावाचं जनकत्व ओक्लाहोमा विद्यापीठाचे प्रशिक्षक बड विल्किन्सन यांच्याकडे जातं. कोण मर्द, कोण कच्चा, हे इथे ठरायचं. मे २०१९ मध्ये एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगने त्यावर बंदी घातली, तेव्हा जुन्या खेळाडूंपैकी काहींना खेळाचा कणाच काढून घेतल्यासारखं वाटलं.

मला तो सराव कमी आणि तमाशा जास्त वाटतो. सामन्यात समोरचा असा गल्लीतून सरळ अंगावर येत नाही. त्याला कोन असतो, मोकळी जागा असते, तो हुलकावणी देतो.

हाल सोसूनच खेळाडू घडतो, या हट्टाची दंतकथा टेक्ससच्या जंक्शन गावची. १९५४ साली टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी संघ तिथे नेला. दुष्काळ, रणरणतं ऊन, दहा दिवस, आणि सरावात पाणी बंद. कित्येक पोरं मधेच निघून गेली. त्या मोसमात संघ दहापैकी नऊ सामने हरला. दोन वर्षांनी त्याच संघाने आपली कॉन्फरन्स, म्हणजे विद्यापीठांच्या गटातली स्पर्धा, जिंकली. दंतकथेने हा विजय उचलला, ते नऊ पराभव मागेच राहिले.

पाणी मागणं म्हणजे कमकुवतपणा, ही समजूत त्यानंतरही बराच काळ टिकली. उन्हाचा धोका मात्र सगळ्यांना दिसला तो २००१ मध्ये. मिनेसोटातल्या मॅन्केटोला व्हायकिंग्ज या एनएफएल संघाचा सराव चालू होता. दीडशे किलोंच्या आसपास वजनाचा, २७ वर्षांचा कोरी स्ट्रिंगर कोसळला. अंगातला ताप ४२ अंश सेल्सिअसच्या वर गेला होता. १ ऑगस्टच्या पहाटे तो गेला. ज्याला टक्करीत रेटणं मुश्कील, त्याला उष्माघाताने नेलं.

त्याच मिनेसोटात, सेंट जॉन्स विद्यापीठात, तेव्हा जॉन गॅग्लियार्डी फुटबॉल शिकवत होते. सरावात कुणी कुणाला पाडायचं नाही, शिट्टी नाही, आणि आपल्याला 'कोच' नव्हे, 'जॉन' म्हणायचं, हे त्यांचे नियम. २०१२ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खात्यावर ४८९ विजय होते, कॉलेज फुटबॉलमधला विक्रम. वस्तादाने तालमीत कुस्तीच लावू नये आणि पठ्ठ्यांनी मैदान मारावं, तसलं हे.

डार्टमथ कॉलेजात बडी टीव्हन्स यांनी २०१० पासून सरावातलं टॅकलिंग, म्हणजे समोरच्याला धरून पाडणं, बंद केलं. पुढे तिथल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी रिमोटवर पळणारा पुतळाच बनवला; पोरं त्याच्यावर झेपावतात. व्यावसायिक संघांत बदल आला तो करारातून. २०११ च्या करारात खेळाडू संघटनेने एका दिवसात पॅड बांधून दोनदा सराव करायला बंदी मिळवली आणि मोसमातले पॅडचे सराव १४ वर आणले.

धडकेचा सराव घटला की टॅकलिंग बिघडतं, ही प्रशिक्षकांची कुरकूर अगदीच खोटी नाही. सप्टेंबरात मोसम उघडतो तेव्हा टॅकल गचाळ दिसतात. ज्याने महिनाभर कुणाला धरलंच नाही, तो ऐन सामन्यात डोकं खाली घालून घुसतो, आणि मान मोडण्याची भीती तिथेच असते. म्हणून धडक कमी केली तरी धरायचं कसं, डोकं बाजूला कसं ठेवायचं, हे रोज घोटावंच लागतं. सिअ‍ॅटलचे प्रशिक्षक असताना पीट कॅरल यांनी ते रग्बीकडून उचललं: खांद्याने भिड, मांड्या कवळ.

२०२२ पासून एनएफएलच्या सरावात काही जागांवरच्या खेळाडूंना हेल्मेटवर 'गार्डियन कॅप' ही मऊ टोपी सक्तीची झाली. त्या जागांवरचे मेंदूचे आघात निम्म्याहून कमी झाले, असं एनएफएल सांगते. २०२४ मध्ये ती सामन्यातही घालायला परवानगी मिळाली. मैदानात घातली मोजक्यांनीच. डोकं भल्या मोठ्या अळंब्यासारखं दिसतं ना!