हिंदमाताचं पाणी आणि सॉफ्टवेअरमधली फट

माझं घर हिंदमाताला. आमच्याकडे पाऊस सुरू झाला की बातम्या कोणी ऐकत नाही, खिडकीतून रस्ता बघतात! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, कुलाब्याला त्याच दिवशी फक्त ७३. दोन्ही आकडे खरे. पण आमच्याकडे पाणी किती साचणार, ते नुसत्या आकड्यावर ठरत नाही. आमचा भाग बशीसारखा खोलगट. त्यात समुद्राला भरती असली की संपलंच.

सॉफ्टवेअरमध्ये नवीन फट सापडली की तिलाही असाच आकडा मिळतो. सीव्हीएसएस नावाच्या पद्धतीत ० ते १० गुण देतात. ९ किंवा जास्त म्हणजे 'क्रिटिकल'. त्यासाठी विचारतात: दुरून, नेटवर्कवरून हल्ला करता येतो का? लॉगिन लागतं का? समोरच्याने काही क्लिक करावं लागतं का? आणि नुकसान काय, माहिती फुटते, बदलली जाते की मशीन बंद पडतं?

प्रश्न चांगलेच आहेत. पण हा झाला वेधशाळेतला पाऊस. आपल्या दारातलं पाणी ओळखायला अजून तीन गोष्टी बघाव्यात. ते सॉफ्टवेअर आपल्याकडे आहे का? बाहेरचा माणूस तिथपर्यंत पोचू शकतो का? आणि त्या फटीचा वापर कोणी सुरू केलाय का? ही तिसरी गोष्ट म्हणजे भरती!

उदाहरण आपल्या जवळचंच आहे. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका फटीवर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला पॅच दिला. एप्रिलमध्ये ती फट वापरणारं 'इटर्नलब्लू' हे हत्यार इंटरनेटवर सगळ्यांच्या हाती पडलं. मे महिन्यात 'वॉनाक्राय' आला. तरी पुष्कळ मशीन्स तशाच राहिल्या. २७ जूनला 'नॉटपेट्या' आला, मर्स्क कंपनी ठप्प झाली आणि न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातलं तिच्या ग्रुपचं टर्मिनलसुद्धा. शिवाय हा व्हायरस एका मशीनमधले पासवर्ड चोरून पॅच मारलेल्या मशीनवरही जात होता. शेजारच्या दुकानात पाणी शिरलं की आपला ओटा कोरडा राहतो का?

"माझ्या पीसीत चोरण्यासारखं आहे काय?" असं म्हणून मीही कितीतरी दिवस अपडेट पुढे ढकलत होते. पण होस्टेलच्या लॅनवर माझा पीसी एकटा नाही. त्याच वायरवर अख्ख्या मजल्याचे प्रोजेक्ट रिपोर्ट आहेत.

तेव्हा आज मेसला जाण्याआधी अपडेट सुरू करून जा. जेवून येईपर्यंत बहुतेक झालेलं असेल!