गाडी वर उचलायची? आधी कुठं घासतंय ते बघा

पावसाळा सरत आला की बेळगाव, खानापूर, चंदगड भागातल्या गॅरेजात एक वाक्य हमखास कानावर पडतं, "मेस्त्री, गाडी खाली लागतेय, जरा वर उचलून द्या." चोर्ला घाटातून गोव्याला किंवा आंबोलीतून सावंतवाडीला वरचेवर जाणाऱ्यांना हे दुखणं नवीन नाही. पाच माणसं बसलेली, डिकी भरलेली आणि समोर अचानक खड्डा. खालून 'खर्रर्र' आवाज आला की जीव कळवळतो.

उपाय सांगणारेही भरपूर असतात. स्प्रिंगमध्ये रबर बसवा, शॉकअपवर स्पेसर टाका, मोठे टायर घाला. काम एका दुपारात होतं आणि पैसेही फार लागत नाहीत. पण त्या इंचभर उंचीपायी गाडीत आणखी काय काय बदलतं, हे सहसा कोणी सांगत नाही. त्याचाच हा हिशेब.

आधी कारण शोधा

गाडी खाली लागते म्हणजे नेमकं काय लागतं? बंपरखालची प्लास्टिकची पट्टी किंवा मडफ्लॅप घासत असेल तर आवाज मोठा येतो, नुकसान फारसं नसतं. पण ऑइल चेंबर, सायलेन्सरचा पाइप किंवा खालचा क्रॉस मेंबर आपटत असेल तर प्रकरण वेगळं. गाडी लिफ्टवर चढवली की ओरखडे कुठं आहेत ते दोन मिनिटांत दिसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे वजन. जाहिरातीतला ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि सामान मिळून चारशे किलोच्या आसपास वजन चढतं, आणि गाडी, विशेषतः मागून, चांगलीच बसते. गाडी जुनी असेल तर स्प्रिंगही बसलेल्या असतात. त्यात हवा कमी असली की आणखी काही मिलिमीटर गेले. म्हणजे कित्येकदा गाडी मुळात खुजी नसते, ती थकलेली असते. तिला स्पेसर नको असतो, कंपनीच्या नव्या स्प्रिंग हव्या असतात.

तिसरा गुन्हेगार रस्त्यावरच असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलसर गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. एवढ्या रुंदीवर चढ-उतार इतका सावकाश होतो की साधी हॅचबॅकही हळू नेली तर सहसा घासत नाही. आपल्याकडं गावोगावी मात्र हात-दोन हात रुंदीचा उंच डांबरी वरंबा घालून ठेवलेला असतो. अशा वरंब्यासाठी गाडी बदलण्यापेक्षा ग्रामपंचायतीकडं किंवा बांधकाम खात्याकडं लेखी तक्रार देणं जास्त शहाणपणाचं.

स्पेसर टाकल्यावर काय होतं

बहुतेक छोट्या गाड्यांत पुढं स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र. त्याच्या माथ्यावर २५ मिलिमीटरचा स्पेसर टाकला की बॉडी साधारण तेवढीच वर जाते. पण चाक, लोअर आर्म आणि एक्सल खालीच राहतात. त्यामुळं एक्सल जास्त तिरका होतो. चाक खड्ड्यात उतरलं की तो कोन आणखी वाढतो, कंपनीनं धरलेल्या मर्यादेच्याही पुढं जाऊ शकतो. मग एक्सलचं रबरी बूट फाटतं, ग्रीस बाहेर येतं, धूळ-पाणी आत जातं आणि वळताना 'कट-कट' आवाज सुरू होतो. चाकांचे कोनही बदलतात. अलाइनमेंट न करता गाडी चालवली तर टायर एका बाजूनं खाऊन जातात.

मागच्या बाजूला बऱ्याच गाड्यांत स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो. स्प्रिंगखाली स्पेसर टाकला की शॉकअप कायमचा तेवढा ताणलेला राहतो. खड्ड्यात चाक खाली जायला जागा कमी उरते आणि चाक रस्ता लवकर सोडतं. घाटातल्या ओल्या वळणावर नेमकी तीच पकड हवी असते.

स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचं रबर सगळ्यांत स्वस्त. पण ते जिथं बसतं तिथले वेढे दबायचे थांबतात. स्प्रिंग कडक होते, सगळं काम उरलेल्या वेढ्यांवर पडतं आणि दणके थेट पाठीत बसतात.

एक गोष्ट तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे हेडलाइट. डिपरचा झोत साधारण एक टक्का खाली झुकवलेला असतो. छोट्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर सुमारे २४५० मिलिमीटर. फक्त पुढची बाजू २५ मिलिमीटर उचलली तर झोत नेमका एक टक्का वर जातो. म्हणजे डिपर असूनही प्रकाश सरळ समोरच्याच्या डोळ्यांत. धुक्यातल्या घाटरस्त्यावर हे तुमच्याही जिवावर बेतू शकतं. उंचीत कुठलाही बदल झाला की हेडलाइट पुन्हा सेट करून घेणं भागच आहे.

मोठं चाक, मोठा गैरसमज

टायरवर १८५/६५ आर १५ असं लिहिलेलं असतं. १८५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे रुंदीच्या ६५ टक्के बाजूची उंची आणि १५ म्हणजे इंचात रिम. या टायरचा पूर्ण व्यास होतो सुमारे ६२१ मिलिमीटर.

आता स्विफ्टचं उदाहरण घ्या. तिच्या खालच्या प्रकारांना १६५/८० आर १४ टायर आलेले आहेत आणि वरच्या प्रकारांना १८५/६५ आर १५. रिम एक इंचानं मोठी, पण व्यासातला फरक दोन मिलिमीटरसुद्धा नाही. कंपनी रिम वाढवते तेव्हा टायरची बाजू तेवढीच कमी करते.

म्हणजेच १६ इंची अलॉय घालून गाडी आपोआप उंच होत नाही. १९५/५५ आर १६ चा व्यास जवळजवळ तेवढाच राहतो. उलट टायरची बाजू १२० वरून १०७ मिलिमीटरवर येते. खड्ड्यात रिमला वाचवणारी गादीच पातळ झाली. आपल्या रस्त्यांवर रिम वाकण्याचं हे एक मोठं कारण.

उंची वाढवायची तर व्यास वाढवावा लागतो, आणि मिळतो त्याचा अर्धाच भाग, कारण चाकाचा मध्य अर्ध्यावर असतो. १८५/६५ च्या जागी १९५/६५ घातला तर व्यास १३ मिलिमीटरनं वाढतो, गाडी वर येते जेमतेम साडेसहा मिलिमीटर. २०५/६५ घातला तर १३ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. त्याबदल्यात चाक चार टक्क्यांहून मोठं होतं. मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा तीन किलोमीटरनं जास्त पळत असते, घाटात ओढ कमी पडते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या लायनरला घासू शकतो.

अलॉय घेताना बोल्टची भोकं जुळली म्हणजे झालं असं नाही. मधलं भोक हबवर घट्ट बसायला हवं, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं. रिमचा ऑफसेट बदलला तर चाक बाहेर येतं आणि बेअरिंगवर ताण वाढतो. टायरवरचा वजनाचा आकडाही बघा. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. मूळ आकड्यापेक्षा कमीचा टायर कधीच घेऊ नका.

कायदा सगळीकडं एकच

"गोव्यात चालतंय की", "कोल्हापूरला कोण विचारत नाही", असं आपण ऐकतो. नंबरप्लेट केए-२२ असो, जीए-०३ असो की एमएच-०९, मोटार वाहन कायदा केंद्राचाच आहे. त्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या सुधारणेनं आलेल्या कलम १८२ए मध्ये परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

तुमच्याच मॉडेलला कंपनी देते त्या मापाचे टायर आणि रिम सुरक्षित. सस्पेन्शनची उंची बदलली तर मात्र बचाव अवघड. त्याहून मोठा फटका विम्याचा. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेला आला की क्लेम अडकू शकतो. वॉरंटीतल्या गाडीचा एक्सल किंवा शॉकअप गेला तर कंपनीही बोट स्पेसरकडंच दाखवणार.

मग करायचं काय

– दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणं हवा भरा. भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो, लांबच्या प्रवासाला तो पाळा.
– स्प्रिंग, स्ट्रट माउंट, बुश तपासा. बसलेल्या स्प्रिंग जोडीनं बदला.
– चेंबरला धोका असेल तर चेंबर गार्ड बसवा. थोडी उंची जाते, पण घाटात तेल सांडून अडकण्यापेक्षा बरं.
– गतिरोधकाआधी वेग कमी करा आणि चढताना ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेला असला की गाडीचं नाक खाली जातं, आणि नेमकं तेव्हाच ते घासतं.
– टायर बदलायची वेळ आलीच असेल तर मूळ व्यासापासून दोन टक्क्यांच्या आत राहा.

एवढं करूनही रोजच्या वाटेवर गाडी आपटतच असेल, तर ती वाट त्या गाडीची नाही. पुढची गाडी घेताना तो आकडा आधी बघा. तोवर गॅरेजात गेल्यावर "वर उचला" म्हणण्याआधी एवढंच म्हणा, "मेस्त्री, लिफ्टवर चढवा आणि कुठं घासलंय ते दाखवा."