ओल्या जमिनीची नावे

चिखलात पाय रुतला की शहरातला माणूस म्हणतो, ‘दलदल आहे.’ शेतकऱ्याचं तेवढ्याने भागत नाही. पाणी कुठून आलं, हे त्याला आधी कळावं लागतं, आणि ते तो नावातच सांगून टाकतो.

कोकणात खाडीकाठच्या सखल जमिनीला ‘खाजण’ म्हणतात. इथलं पाणी समुद्राचं. भरतीला चढतं, ओहोटीला उतरतं. तिवर, चिपी ही झाडं इथेच वाढतात, आणि त्यांच्या मुळांच्या आसऱ्याला मासे-कोळंबीची पिलं राहतात. बांध घालून भरती अडवली आणि पावसाने खार धुऊन नेला, म्हणजे खाजणात भात पिकतो. गोव्यात या बांधाला ‘मानस’ नावाचं दार असतं. भरतीचं पाणी ते लोटून बंद करतं. ओहोटीला आतलं पाणी ते उघडतं.

‘चिबड’ जमीन निराळी. नीरा-कृष्णेच्या बागायतीत ती पुष्कळ दिसेल. उसाला पाणी फार दिलं आणि निचरा नसला, की जमिनीखालची पाणपातळी वर येते. तिच्याबरोबर क्षार येतात, रान पांढरं दिसू लागतं. इथे बांध काय कामाचा? चर खणून पाणी काढायचं आणि पुढे बेताने द्यायचं.

तिसरा शब्द ‘पाणथळ’. थळ म्हणजे स्थळ. नदी-तळ्याच्या कडेची, उथळ पाण्याची जागा. नाशिक जिल्ह्यात नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून अशी जागा तयार झाली. हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. पाणथळींच्या रक्षणासाठी १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी करार झाला. त्या यादीत महाराष्ट्रातलं पहिलं नाव लागलं, ते याच ठिकाणाचं. इथे बांध नको, चरही नको, राखण हवी.

एकाला बांध, दुसऱ्याला चर, तिसऱ्याला राखण! तिघांनाही ‘दलदल’ म्हटलं, की एकच उपाय सुचतो: भराव घाला. मग पावसाळ्यात पाणी आपली जागा शोधत घरात शिरतं.

शिक्षकबंधूंनी एवढं करावं. मुलांना शिवारात न्यावं, म्हाताऱ्या माणसांना ओल्या जागांची नावं विचारायला लावावीत. प्रत्येक नावापुढे लिहावं: पाणी कुठून येतं, किती दिवस राहतं, तिथे काय उगवतं. गावच्या पाण्याचा हिशेब आपोआप वहीत उतरेल.