‘मी’पणाला उतार पडतो, पण किती?

५१ अभ्यास, ३७,२४७ माणसं, वयं ८ पासून ७७ पर्यंत. बर्न विद्यापीठाचे उलरिश ऑर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ साली ही सगळी मोजमापं एकत्र करून पाहिलं, की वय वाढतं तसा माणसातला नार्सिसिझम, म्हणजे साध्या भाषेत ‘मी’पणा, कमी होतो का. उत्तर आलं, होतो. स्वभावाला औषध नाही म्हणतात, पण वय हे थोडंफार औषध निघालं.

किती लागू पडतं, ते पाहू. संशोधकांनी ‘मी’पणाचे तीन प्रकार धरले. एक मिरवणारा: पुढारी मीच, कौतुक माझंच. दुसरा वरचढ: माझा हक्क आधी, बाकीचे गेले उडत. तिसरा दुखरा: कुणी जरा काही बोललं की लागलंच. लहानपणापासून म्हातारपणापर्यंतची एकूण घट पहिल्यात ०.२८, दुसऱ्यात ०.४१, तिसऱ्यात ०.५५. प्रमाण विचलनाच्या मापातले हे आकडे नुसते वाचून कुणाच्या डोक्यात प्रकाश पडत नाही. म्हणून १०० मुलं वरचढपणाच्या क्रमानं उभी करा. सगळ्यात नमतं घेणारं पहिलं, सगळ्यात मुजोर शंभरावं. मधोमध उभा असलेला मुलगा सत्तरी ओलांडेपर्यंत त्याच रांगेत साधारण ३४ व्या जागी येतो. मिरवण्यात तो ३९ वर येईल, दुखरेपणात २९ वर. वरचढपणाच्या रांगेत जवळजवळ सत्तर वर्षांत १६ जागा, एवढाच काय तो उतार.

खरी गोम पुढे आहे. रांग सगळ्यांची मिळून खाली सरकते. तीच माणसं सरासरी ११ वर्षांच्या अंतरानं पुन्हा मोजली, तेव्हा त्यांचा आपसातला क्रम बराचसा तोच राहिला होता. सहसंबंध अनुक्रमे ०.७३, ०.६८ आणि ०.६०, क्रम जराही हलला नसता तर तो १ आला असता. माझा ढोबळ हिशेब असा, की वरचढपणात शंभरात ९८ वा असलेला माणूस अकरा वर्षांनी समवयस्कांत ९१ च्या आसपास सापडेल. शाळेच्या वर्गमित्रांचा पंचवीस वर्षांनंतरचा मेळावा आठवा. सगळेच मवाळ झालेले असतात, पण माईक अजून त्याच्याच हातात असतो.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा आकडा याहून आशादायक आहे. २३७ जणांना १८ व्या वर्षी मोजलं, पुन्हा ४१ व्या वर्षी. घट ०.७९, म्हणजे आपल्या रांगेत ५० वरून २१ वर. ‘मी’पणा वाढलेले जेमतेम ३ टक्के, म्हणजे सात जण. मात्र नोकरीत ज्यांच्या हाताखाली माणसं आली, त्यांची घट इतरांपेक्षा कमी. हे वाचून साहेबाचा चेहरा डोळ्यांसमोर आला, तर तो दोष आकडेवारीचा नाही.

आतापर्यंतचं सगळं तुमच्या-माझ्यासारख्यांचं. निदान झालेल्या नार्सिसिझमच्या विकाराचा हिशेब वेगळा. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत हा विकार १९८० साली आला. लक्षणं नऊ, त्यांतली पाच जुळली तर निदान. ३४,६५३ अमेरिकी प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीत (२००८) आयुष्यात कधीतरी हे निदान बसेल असे ६.२ टक्के निघाले, पुरुष ७.७, बायका ४.८. दुसऱ्या काही पाहण्यांत प्रमाण जवळपास शून्य. विकार किती जणांना आहे यावरच इतकी तफावत असेल, तर बदल किती जणांत होतो हे सांगताना जपूनच बोलायला हवं.

विकारावर म्हणून मंजूर झालेलं एकही औषध नाही. ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते. राहते ती बोलून करायची थेरपी, आणि तिथे माणूस टिकत नाही. १९९८ च्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात असे सुमारे ६४ टक्के रुग्ण उपचार अर्धवट टाकून गेले. नवल नाही: ‘हे बदलतील का हो?’ हा प्रश्न घेऊन बहुधा बायको येते, ‘हे’ येत नाहीत.

मग बदल होतो का? १९९५ साली एल्सा रॉनिंगस्टॅम आणि सहकाऱ्यांनी २० रुग्णांना तीन वर्षांनी पुन्हा तपासलं. १२ जणांत ठळक सुधारणा होती, आठ जण होते तिथेच. २०२४ मध्ये सुधारलेल्या आठ रुग्णांची हकिगत छापून आली. अडीच ते पाच वर्षं थेरपी, आणि शेवटी एकालाही निदान लागू होईना. बातमी चांगली आहे, पण हे आठ सुधारले म्हणूनच निवडलेले होते. शिवाय पाचाची चार लक्षणं झाली तरी निदान जातं. उरलेल्या चारांशी संसार करणारीला हा फरक कितपत जाणवेल?

एक प्रयोग मात्र मला या सगळ्या आकड्यांहून बोलका वाटतो. एरिका हेपर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली तो प्रसिद्ध केला. माणसं निदान झालेली नव्हती, फक्त ‘मी’पणात काही वरची, काही खालची. त्यांना घरात मार खाल्लेल्या एका बाईची चित्रफीत दाखवली. काहींना सांगितलं, संध्याकाळी घरी टीव्ही बघताय असं समजा. तिथे वरच्यांना तिच्याबद्दल फारसं काही वाटलं नाही. काहींना सांगितलं, तिला काय वाटत असेल याची कल्पना करा. तिथे वरच्यांची सहानुभूती वाढली. पुढच्या प्रयोगात प्रेमभंगाची हकिगत ऐकवताना नाडीही मोजली. नुसतं ऐकताना वरच्यांचे ठोके इतरांपेक्षा कमी पडत होते. तीच सूचना दिल्यावर ते वाढले आणि फरक उरला नाही.