दोन पात्यांची गाठ

हाताने ढकलायचं गवत कापायचं जुनं मशीन ‘धार गेली’ म्हणून भंगारात द्यायच्या आधी त्याची पाती नीट पाहा. पुष्कळदा धार शाबूत असते. पाती मात्र एकमेकांपासून सरकलेली असतात.

हे मशीन कात्रीसारखं कापतं. पीळ दिलेल्या पात्यांचा रूळ फिरतो, त्याच्या खाली एक सपाट पातं स्थिर असतं आणि या दोघांत सापडलेली काडी स्वच्छ तुटते. पेट्रोलच्या मशीनचं आडवं पातं नुसत्या वेगाने गवत झोडतं; त्यात शेंडे फाटतात आणि मग तपकिरी पडतात. म्हणून क्रिकेटच्या मैदानांवर आजही रुळाच्याच मशीनला मान आहे. ते घडवलं इंग्लंडमधल्या स्ट्राउडच्या एडविन बडिंगने. तिथल्या गिरण्यांत लोकरी कापडावरची लव कातरणारं यंत्र होतं. तीच युक्ती त्याने हिरवळीवर आणली आणि १८३० मध्ये पेटंट घेतलं.

दुरुस्तीचं काम पावसाळ्याआधी काढावं. हातात जाड मोजे हवेतच. चाकं उतरवा, वाळलेलं गवत आणि जुनं ग्रीस डिझेलने धुऊन काढा. चाकाआडच्या पिनियनमध्ये, म्हणजे छोट्या दातेरी चाकात, खटका असतो, त्यामुळे रूळ एकाच दिशेने फिरतो. डावी पिनियन कोणती, उजवी कोणती, यावर आधीच खूण करा. मग रूळ धरून हलवून बघा. खडखड वाजला तर बेअरिंग ढिलं आहे. ते आधी कसा किंवा बदला, कारण डगमगत्या रुळावर कुठलीच जुळणी टिकत नाही.

आता खरं काम. खालच्या पात्याच्या दोन्ही टोकांना ते वर-खाली करणारे स्क्रू असतात. एका वेळी जेमतेम अष्टमांश फेरा द्यायचा, एकदा या बाजूला, एकदा त्या. वर्तमानपत्राची पट्टी पात्यांमध्ये धरून रूळ लाकडी काठीने हळू फिरवायचा; बोटांनी कधीच नाही. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत कागद सरळ कापला गेला की थांबा. पाती एकमेकांवर दाबली की मशीन जड जातं आणि धार नाहक झिजते. इथे घाई करणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

मध्येच कागद चुरगळत असेल, तरच धार लावायची. ग्राइंडर मात्र लांब ठेवा. पीळदार पात्याला हाताने एकसारखा कोन देता येत नाही. त्याऐवजी इंजिनाचे व्हाल्व्ह घासायची पेस्ट वापरा; ती मोटारच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. बऱ्याच मशीनमध्ये दोन्ही पिनियन अदलाबदल करून बसवल्या की खटके उलटे लागतात आणि मशीन मागे ओढलं की रूळ उलटा फिरतो. ब्रशने पात्यांच्या कडांना पेस्ट लावून तसंच ओढत राहा. आधीचा खरखरीत आवाज हळूहळू मऊ होतो. तो सगळीकडे सारखा झाला की पेस्ट कसोशीने धुवा, कारण तिचा कण बेअरिंगमध्ये राहिला तर तो बेअरिंगच खातो. मग पिनियन खुणेप्रमाणे परत, नवं ग्रीस, पात्यांना तेलाचा हात, आणि पुन्हा कागद.

पात्यात खोल खाच पडली असेल किंवा रूळ एका बाजूला जास्त झिजला असेल, तर पेस्ट पुरत नाही. तेव्हा खालचं पातं बदलावं आणि रूळ ग्राइंडिंगची सोय असलेल्या वर्कशॉपमध्ये द्यावा.