सही करताना पाहिलं कुणी?

रंगा सोहोनी हे नाव आज क्रिकेटवेड्या घरातही चटकन आठवणार नाही. श्रीरंग वासुदेव सोहोनी महाराष्ट्राकडून रणजी खेळले, भारताकडून ४ कसोटी खेळले. १९४६ साली मँचेस्टरला शेवटच्या जोडीत दत्ताराम हिंदळेकरांच्या सोबतीनं अखेरची १३ मिनिटं तग धरून त्यांनी कसोटी वाचवली. १९९३ मध्ये ठाण्यात वारले. २०२६ च्या जानेवारीत हे नाव एकाएकी जगभरच्या बातम्यांत आलं, ते एका टोपीमुळे. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात डॉन ब्रॅडमननं आपली गडद हिरवी 'बॅगी ग्रीन' त्यांना भेट दिली होती. सोहोनी कुटुंबानं ती ७५ वर्षांहून अधिक काळ सांभाळली. लिलावगृहानं सांगितलेली हकीकत अशी, की घरातल्या मुलाला ती वयाच्या सोळाव्या वर्षी पाहायला मिळायची, तीही फक्त ५ मिनिटं! लिलावात तिला ४ लाख ६० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले.

लोकरी कापडाची एक जुनी टोपी. आत दोन नावं: ब्रॅडमनचं आणि सोहोनींचं. एवढ्यावर कोट्यवधी रुपये मोजणाऱ्याला रात्री झोप कशी लागते, हा प्रश्न मला त्या बातमीपासून सोडत नाही. कारण याच मालिकेतली ब्रॅडमनची आणखी एक टोपी डिसेंबर २०२४ मध्ये सिडनीत बॉनहॅम्सच्या लिलावात गेली होती. ती त्यानं भारतीय संघाचे व्यवस्थापक पंकज गुप्ता यांना दिलेली, आणि त्या मालिकेतली ठाऊक असलेली एकमेव, अशी तिची ओळख करून देण्यात आली होती. शुल्क धरून सुमारे ४ लाख ८० हजार डॉलर. वर्षभरानं दुसरी निघाली. यात लबाडी कुणाचीच नाही. त्या काळी एकच टोपी कारकीर्दभर जपायची पद्धत नव्हती, नव्या मालिकेला नवी टोपी मिळायची. आणि मालिकेत ७१५ धावा कुटून वर पाहुण्यांना भेटी देणाऱ्या माणसानं कुणाकुणाला काय दिलं, याची वही कोण ठेवतो?

तर वस्तू खरी कशावरून ठरते? पहिलं उत्तर सगळ्यांच्या डोक्यात तेच येतं: सही तपासा. आणि सही तपासण्याचं शास्त्र खरोखर थक्क करणारं आहे.

साधं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि बॉलपेननं केलेली कुठलीही जुनी सही पाहा. रेघ एकसंध दिसत नाही. तिच्यात बारीक पांढऱ्या चिरा असतात, शाई न लागलेल्या. वळणावर या चिरा आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे सरकत जातात. वळण संपलं की लगेच शाईचा एक चिकट ठिपका असतो, कारण वळताना गोळीच्या कडेला साचलेली शाई पुढे आल्यावर कागदावर उतरते. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी पेन डावीकडून उजवीकडे गेलं की उलट, हे आज सांगता येतं! सही करणारा माणूस कधीच गेला, पण त्याच्या हाताच्या हालचालीची दिशा कागदावर शिल्लक आहे.

वेगाचंही तसंच. आपली सही आपण विचार करून काढत नाही. हात ती सवयीनं फेकतो. त्यामुळे रेघ कागदावर उतरण्याआधीच हलायला लागलेली असते आणि उचलली जातानाही हलतच असते. दोन्ही टोकं निमुळती होतात. नक्कल करणारा मात्र सही चितारतो. पेन टेकवतो, मग निघतो. टोकं बोथट, रेघेची जाडी सारखीच, मध्येच सूक्ष्म कंप, जिथे तो नमुन्याकडे बघायला थांबला तिथे शाईचा डाग. आणखी एक गंमत म्हणजे दोन सह्या तंतोतंत जुळल्या, तर तपासनीस खूश होत नाही, सावध होतो. माणूस एकसारखी सही दोनदा करूच शकत नाही. हुबेहूब जुळणं याचा अर्थ गिरवलेली, यंत्रानं केलेली किंवा छापलेली. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या कितीतरी बॅटींवर खेळाडूची सही कारखान्यातच छापलेली असते. भिंगाखाली तिचे ठिपके दिसतात आणि पेनाच्या दाबाची खाच कुठेच दिसत नाही.

मग साहित्य बोलतं. बॉलपेन अमेरिकेतल्या दुकानात विकायला आलं १९४५ साली. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायला साधारण १९५० च्या सुमारास सुरुवात झाली. अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर झळकतो. त्यामुळे सी. के. नायडूंच्या १९३२ च्या लॉर्ड्स कसोटीतल्या संघाच्या सह्यांचा कागद कुणी आणला आणि तो दिव्याखाली लखलखला, तर पुढे भिंग काढायचीही गरज नाही.

इथवर वाचून वाटेल, प्रश्न सुटला. अमेरिकेत १९९० च्या दशकात हाच समज धुळीला मिळाला. तिथल्या एफबीआयनं 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम चालवली. कॅलिफोर्नियातल्या एका टोळीत ग्रेग मारिनो नावाचा माणूस बेसबॉलपटूंच्या सह्या चितारत नव्हता, सरळ करत होता. सराव इतका, की रेघ वाहती यायची. जुन्या सहीसाठी कागद कुठला? जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेल्या पुस्तकांची कोरी पानं. चेंडू जुनाट दिसायला हवा? त्याला लाखेचं पॉलिश द्यायचं आणि कुत्र्याच्या खाद्याच्या पिशवीत ठेवायचा, म्हणजे रंग आणि वास दोन्ही जमतात. शाईची, कागदाची, वेगाची अशी प्रत्येक कसोटी त्यांनी आधीच वाचून ठेवली होती. हाव मात्र आवरली नाही. मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलही त्यांनी बाजारात आणले, आणि लोकांनी ते विकत घेतले! बाजारातल्या निम्म्याहून अधिक सह्या खोट्या, आणि काही मोठ्या खेळाडूंच्या बाबतीत तर ९० टक्क्यांपर्यंत, असा त्या काळचा एफबीआयचा अंदाज होता.

टोनी ग्विन या बेसबॉलपटूला स्वतःच्याच संघाच्या दुकानात स्वतःच्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या दिसल्या. यातून २००१ मध्ये तिथल्या मेजर लीग बेसबॉलनं जी व्यवस्था सुरू केली, तिचं मला सर्वांत नवल वाटतं. तिनं सहीकडे बघणंच सोडून दिलं! प्रत्येक सामन्याला एक तपासनीस हजर असतो, बहुधा पोलिसी पेशातला. सही होताना, चेंडू मैदानाबाहेर येताना तो डोळ्यांनी बघतो, तिथल्या तिथे क्रमांक असलेलं होलोग्राम चिकटवतो आणि नोंद करतो. काढायला गेलात तर स्टिकर फाटतं. त्यानं पाहिलं नसेल, तर वस्तू कितीही खरी असो, शिक्का मिळत नाही. मागाहून कुणाचं मत नको, त्या क्षणाचा साक्षीदार हवा.

ही कल्पना परदेशी वाटत असेल, तर ठाण्याहून बाळकुम, कशेळी, काल्हेर करत पूर्ण्याला या. भिवंडीच्या या टापूत रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोडाऊनच गोडाऊन. मुंबईतली अपुरी जागा, मुंबईची जकात, नाशिक महामार्ग आणि उरणचं बंदर अशा कारणांनी एकेकाळच्या भातशेतीवर पत्र्याची छपरं आली. २०१७ मध्ये जकात गेली तरी गोडाऊनं वाढतच राहिली. इथे येणारा हजारो खोक्यांतला माल कुणी उघडून 'अस्सल आहे का' असं बघत नाही. बघतात तो कागद. गाडी फाटकावर लागते, वॉचमन दाराला लावलेल्या सीलचा नंबर वाचतो, बिल्टीवरच्या नंबराशी ताडतो. जुळला तरच सील तुटतं. मग नग मोजायचे, चलानावर सही-शिक्का, गेटपास. सील आधीच तुटलेलं असेल, तर आतला माल शंभर टक्के शाबूत असला तरी भांडण ठरलेलं. सह्यांच्या बाजारात ज्याला उगम आणि ताब्याची साखळी म्हणतात, ती इथला साधा मुकादम रोज जगतो.

आणि तिचं दुबळेपणही त्यालाच नेमकं ठाऊक असतं. सील एवढंच सांगतं की वाटेत कुणी हात घातला नाही. पाठवणाऱ्यानंच खोक्यात विटा भरल्या असतील, तर सील त्या विटांची राखण इमानानं करील. सहीच्या बॅटचंही हेच होतं. ऑनलाइन मागवलेली बॅट अशाच एखाद्या गोडाऊनातून चकचकीत प्रमाणपत्रासह घरी येते. त्या प्रमाणपत्राची साखळी विकणाऱ्याच्या टेबलापासून सुरू होते, खेळाडूच्या हातापासून नव्हे. २०२५ च्या जुलैत अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या एका विक्रेत्याची कबुली गाजली. त्यानं नामांकित कंपन्यांची होलोग्रामंच बनावट छापली होती, आणि आपण लाखो वस्तू विकल्याचा त्याचा दावा होता. आकडा किती खरा ते सोडा. सहीच्या जागी आता शिक्क्याची नक्कल होऊ लागली. सिडनी ऑलिंपिकच्या अधिकृत वस्तूंवर २००० साली खेळाडूच्या डीएनएचा अंश मिसळलेली शाई वापरली होती. फार सुंदर कल्पना, पण तीही सील लावणाऱ्याच्या सचोटीइतकीच पक्की.

आपला कायदा या बाबतीत शहाणा आहे. हस्ताक्षरतज्ज्ञ जे सांगतो, ते 'मत' म्हणूनच कोर्टात येतं. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ४५, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ३९. लिलावाच्या प्रमाणपत्रावरही बारीक अक्षरात बहुधा हेच लिहिलेलं असतं, फक्त ते कुणी वाचत नाही. पुण्यातल्या 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' या क्रिकेट संग्रहालयासारख्या ठिकाणी मला म्हणूनच जास्त भरवसा वाटतो. तिथे वस्तू थेट खेळाडूंकडून गोळा करण्यावर भर आहे. दुकान आणि दलाल यांचे टप्पे कमी. सोहोनींच्या टोपीचं बळही तेच: देणारा माहीत, घेणारा माहीत, आणि मधे एकदाही विक्री नाही.

साक्षीदार नसता, तर कोणती सही पहिल्या फेरीत बाद झाली असती? माझं उत्तर ठरलेलं आहे. विजय मर्चंट यांची बहीण लक्ष्मी सह्या गोळा करायची. तिच्या वहीत १९३३-३४ च्या दौऱ्यावर आलेल्या डग्लस जार्डिनच्या एमसीसी संघाचं पान होतं, १६ नावांचं. ती वही घेऊन ती गांधीजींकडे गेली. सहीसाठी माणशी ५ रुपये हरिजन निधीला घेणाऱ्या गांधीजींनी वही चाळली, बरोबर याच पानावर थांबले आणि इंग्रज खेळाडूंच्या खाली सतरावा म्हणून आपलं नाव लिहिलं. जार्डिनच्या संघात मोहनदास गांधी! शाई बरोबर, कागद बरोबर, वळणही बरोबर, तरी कुठलाही जाणता तपासनीस हे पान हसून परत करील. ते खरं मानायला आपल्याकडे एकच आधार आहे: वही कुणाची होती आणि ती सही घ्यायला कोण गेलं होतं, हे ठाऊक आहे.